सुलोचना मावशी म्हातारपणाने गेल्या

माझ्या हातून वाचलेली एक बाई आज सकाळी म्हातारपणाने गेली.

स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर. बोरिवलीला.

सुलोचना मावशी.

मागच्या महिन्यात मी फायर ब्रिगेडमधून रिटायर झालो. तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो, "मिलिंद, एवढी वर्षं आगीत काढलीस, आता कसं वाटतं रे?" मी नुसता हसायचो. आज सांगतो.

आमच्या नोकरीचं एक आहे. जे वाचले नाहीत ते डोक्यात राहतात. जे वाचतात ते ॲम्ब्युलन्समध्ये बसून निघून जातात. पुढे त्यांचं काय झालं, कोणी सांगत नाही.

मावशींची भेट झाली तेव्हा मी पार खचलो होतो. थोड्याच दिवसांपूर्वी घाटकोपरच्या एका गाळ्यात आग लागली होती. आत एक तरुण मुलगा होता. आम्ही पोचलो, पण उशीर झाला होता. ती आग विझली, माझ्या डोक्यातली विझेना. मी साहेबांना सांगून टाकलं होतं, मला कंट्रोल रूमला टाका. फोन घेईन. गाडीवर नको.

साहेब म्हणाले, "बघू."

आणि तेवढ्यात बोरिवलीचा कॉल आला.

भर दुपार. बिल्डिंगच्या तळमजल्यावर मीटर रूम पेटलेली. गल्लीत दोन्ही बाजूंनी गाड्या लावलेल्या, शिडीची गाडी आत शिरेना. जिना धुराने भरलेला. सहाव्या मजल्यावर म्हातारं जोडपं अडकलंय, असं खालचे लोक ओरडून सांगत होते.

नाईक, डिसोझा आणि मी वर गेलो.

काका अंथरुणाला खिळलेले. अर्धांगवायू. मावशी त्यांच्या उशाशी बसून ओल्या पंच्याने त्यांचं तोंड झाकत होत्या. आम्हाला बघून म्हणाल्या, "ह्यांका आधी न्हेवा. माझा मगे बघू."

जादा मास्क एकच होता. तो काकांना लावला. नाईक आणि डिसोझाने त्यांना चादरीत घेतलं आणि उतरले. मी मावशींबरोबर थांबलो.

दाराच्या फटीत ओले कपडे कोंबले. दोघं स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभे राहिलो. बाथरूमच्या डक्टमधून धूर घरात यायला लागला होता. मला घाम फुटलेला. घाटकोपरचा तो मुलगा सारखा डोळ्यांसमोर येत होता.

मावशींनी पोटच्या मुलाकडे बघावं तसं माझ्याकडे नीट बघितलं.

"झिला, जेवलंस काय?"

मी म्हटलं, "नाही मावशी."

"मगे असो कसो उभो रवतलंस?"

खरं सांगतो, तेवढ्या धुरात मला हसू आलं. हातापायांत जीव आला.

डिसोझा मास्क घेऊन परत आला. मावशींना लावला आणि निघालो. त्यांचे गुडघे आधीच गेलेले. तिसऱ्या मजल्यावर त्या पायरीवर बसल्या. मास्कच्या आतून म्हणाल्या, "माका जमाचा नाय. तू जा."

मी पण शेजारी बसलो.

"मावशी, माझी मुलगी शाळेतून आली असेल. वाट बघत असेल. तुम्ही उठाल तेव्हाच मी उठणार."

त्यांनी माझा पट्टा घट्ट पकडला.

"तुज्या चेडवाक मी काय तोंड दाखवू? चल."

उतरलो आम्ही. एकेक पायरी, पण उतरलो. खाली काका ॲम्ब्युलन्समध्ये डोळे उघडे ठेवून वाट बघत होते.

पुढच्याच आठवड्यात मावशी मुलाला घेऊन आमच्या फायर स्टेशनवर हजर. घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ, अख्ख्या पाळीला पुरेल एवढी. मी खात होतो आणि त्या समोर बसल्या होत्या.

"तू टेबलार बसतलंस म्हणान ऐकलंय. खरा काय?"

नाईकने कंट्रोल रूमची चुगली केली होती.

"हो मावशी. आता झेपत नाही."

"उद्या आणखी कोणाची म्हातारी वर अडकली तर कोण जातलो?"

मी घास गिळला. हात धुतले आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, "सर, ते कंट्रोल रूमचं राहू द्या."

त्यानंतरची सगळी सर्व्हिस मी गाडीवर केली. अंधेरी, मुलुंड, दहिसर. किती जिने चढलो, देव जाणे. सगळीकडे जिंकलो नाही. पण दरवेळी चढलो.

आणि मावशी जगल्या. नुसत्या नाही, झकास जगल्या. काकांची शेवटपर्यंत सेवा केली. नात झाली, गार्गी, तिला कडेवर घेऊन स्टेशनवर गाडी दाखवायला आणली. माझ्या मुलीच्या लग्नात पहिल्या रांगेत बसून कॅटररच्या चुका काढल्या.

माझ्या सेंड-ऑफला रिक्षा करून आल्या, गार्गीच्या आधाराने. साहेबांनी भाषणात माझं बरंच कौतुक केलं. मग माइक माझ्या हातात दिला. मी मावशींकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "माझी सर्व्हिस बघायची असेल तर ह्यांना बघा."

सगळं स्टेशन वळून बघायला लागलं.

मावशी वैतागल्या. "काय बघतास? दशावतार लागलो काय?"

एवढ्या टाळ्या मी आमच्या स्टेशनात कधी ऐकल्या नव्हत्या.

आज त्यांच्या घरी गेलो. सूनबाई म्हणाल्या, "दादा, काल संध्याकाळी बांगडा मागून खाल्ला. सकाळी चहा घेऊन गेले तर झोपल्या होत्या, तशाच."

आम्ही माणसं बघतो ती भेदरलेली, काजळी लागलेली. आज मावशींचा चेहरा बघितला. एकदम निवांत. कपाळावर एक आठी नाही.

मी सरळ उभा राहिलो आणि कडक सॅल्यूट ठोकला. अंगावर युनिफॉर्म नव्हता. दोन-चार पाहुणे चमकले. चमकू देत.

रडू आलं, पण छाती फुगलेली होती.

मावशी, आगीला तुम्ही मिळाला नाहीत. पुरेपूर जगलात, सगळ्यांना दमात घेतलंत, आणि आपल्या वेळेला गेलात.

सुखाने जा.