तळघराच्या जिन्यात वाट देणारी माणसं

आमच्या घरात भूतखेत हा विषयच निघत नाही. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा आमच्याकडे लेकरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. अंगारा, धुपारा, लिंबू-मिरची काहीच कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही. त्यात माझी अख्खी नोकरी एका पतसंस्थेत आकडेमोड करण्यात गेली. व्हाउचर नाही म्हणजे खर्च झालाच नाही, असा माझा स्वभाव. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचायचे ते चुका काढायला. दोन-तीन जणांच्या पोस्टखाली मी 'जरा झोप पुरी घेत जा' अशा कमेंटही टाकल्यात. त्यांनी आता उट्टं काढायला हरकत नाही.

आमचं घर पडेगावला, दौलताबाद रोडपासून थोडं आत. प्लॉट उताराचा आहे, म्हणजे पुढचा रस्ता वर आणि मागची गल्ली खाली. घर बांधताना मुरूम टाकून भर घालण्यापेक्षा आम्ही खाली तळघरच काढलं. त्यात इतकी वर्षं ज्वारीच्या कोठ्या, मोडका कूलर आणि पाण्याचे ड्रम होते. या शहरात ड्रम ही फर्निचरमध्ये मोडणारी वस्तू आहे... नळ कधी येईल ते नळालाच ठाऊक!

आता कमेंटमध्ये पहिला प्रश्न येणार तो जागेच्या इतिहासाचा, म्हणून आधीच सांगते. जागेला इतिहास नाही. मुरमाड पडीक रान होतं. विहीर नाही, थडगं नाही, चिंचेचं झाडसुद्धा नाही. पहिलं घर आमचंच. त्या तळघरात तोवर कुणाचं बोटसुद्धा कापलं नव्हतं.

आमच्या ह्यांनी वाळूजच्या कंपनीतून व्हीआरएस घेतली आणि त्या पैशांतून तळघराची अभ्यासिका करायचं आम्ही ठरवलं. खेड्यापाड्यातून स्पर्धा परीक्षेसाठी आलेली पोरं एकेका खोलीत चार-चार जणं राहतात, तिथं कसला अभ्यास होतो? मग महिन्याची फी भरून ती टेबल, खुर्ची आणि शांतता भाड्यानं घेतात. आम्ही दोघंही गंगापूरकडचे. लहानपणी एका कंदिलाभोवती सगळी भावंडं डोकी लावून बसायचो. त्यामुळे धंदा म्हणून सुरू केलेल्या या गोष्टीत आमचा जीव अडकला होता. उद्घाटन चौदा एप्रिलला, जयंतीलाच करायचं हेही ठरून गेलं.

मग बजेट. वॉटरप्रूफिंग, वायरिंग, पीओपी, प्लायवूडचे कप्पे, एसी, आरओ, कॅमेरे... आणि मागच्या गल्लीत उघडणारं दुसरं दार. तळघराला येण्या-जाण्याचा एकच रस्ता होता, घराच्या पुढून उतरणारा चिंचोळा जिना. आमचे ठेकेदार सलीमभाई यांनी मागची भिंत ठोकून पाहिली. आरसीसी होती. कापायला मशीन, वर बीम, बाहेर पायऱ्या, गल्लीतलं पाणी आत येऊ नये म्हणून उंबरा... त्यांनी आकडा सांगितला तेव्हा ह्यांनी हातातला कप खाली ठेवला. शिवाय दार केलं तर त्या बाजूची खुर्च्यांची एक रांग जाणार, म्हणजे दर महिन्याची फीसुद्धा जाणार. मी पेन उचललं आणि दारावर काट मारली. यावर कुणाचंच दुमत नव्हतं.

त्यानंतर जो तो येऊन जागा पाहायला लागला. आधी इलेक्ट्रिशियन आला. मी वरच उभी होते. तो कानाला फोन लावून जिना उतरत होता. वळणावरच्या पायरीवर थांबला, खांदा भिंतीला लावला, थोडा वेळ तसाच उभा राहिला, खाली वाकून बघितलं आणि मग उतरला. चिंचोळ्या जिन्यात समोरून माणसं आली की आपण सरकतो ना, अगदी तसं. मला वाटलं कोळिष्टक असेल. मी झाडू घेऊन गेले, तर जिना स्वच्छ.

मग प्लायवूडवाला आला. देह चांगला भरलेला. तीच पायरी, तोच खांदा... आणि या गृहस्थानं चक्क पोट आत ओढून घेतलं! समोर कुणीही नव्हतं. तोही थांबला, खाली पाहिलं आणि उतरला. वर आल्यावर मी विचारलं, "जिन्यात काही लागलं का हो?" तर तो म्हणाला, "नाय ताई, जिना मस्तंय की."

खरं सांगते, तेव्हा मला भीती वाटली नाही, राग आला. हिशेबात फरक निघाला की मला जेवण जात नाही, तसं झालं.

सलीमभाई आले तेव्हा मी मुद्दाम त्यांच्या मागोमाग उतरले. वळणावर ते भिंतीला टेकले आणि हात हलवत हळूच म्हणाले, "निकलो, निकलो बेटा... आरामसे."

मी त्यांच्या खांद्यावरून खाली पाहिलं, जिना रिकामा.

"सलीमभाई, कुणाला म्हणालात?"

"मैं? मैं कुछ बोला क्या?" ते माझ्याकडंच संशयानं बघायला लागले. "ताई, आपकी तबियत बरी है ना?"

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. भाकरी तव्यावर टाकून मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहायचे. ज्याला त्याला काहीतरी निमित्त काढून खाली पाठवायचे. दूधवाल्याला म्हटलं, जरा ड्रमचं झाकण बघ. नणंदबाई मुकुंदवाडीहून आल्या, त्यांना म्हटलं, खालच्या फरशीचा रंग कसा वाटतो सांगा. सगळे त्या पायरीवर सरकले आणि कुणालाच ते कळलं नाही. आणि आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती जास्त वाईट होती. वाट देऊन झाल्यावर प्रत्येक जण वाकून खाली बघायचा... सगळे येऊन गेले, एक जण राहिलाय, त्याच्यासाठी थांबल्यासारखा. मग कुणी येत नाही असं पाहून उतरायचा.

शेवटी मी स्वतः उतरले. भर दुपारची वेळ, वर रेडिओ चालू. कठडा घट्ट धरला आणि मनाशी ठरवलं, काही झालं तरी सरळ चालायचं, मधेच थांबायचं नाही.

खांदा भिंतीला कधी टेकला ते मला कळलं नाही. ओल्या कपड्यांचा वास आला. दंडाला गार, ओली बाही घासून गेली. मग दुसरी, मग तिसरी. कोपराला पाठीवरच्या बॅगेचा कोपरा असा लागला की मी "आई गं" म्हणाले. आणि मग सगळं थांबलं, पण मी हलले नाही. वाकून खाली बघत राहिले, कारण अजून कुणी एक यायचंय हे मला ठाऊक होतं. कसं ठाऊक होतं ते विचारू नका. माझं नाव जितकं पक्कं ठाऊक आहे तितकं पक्कं. मी वाट बघत होते.

कुणी आलं नाही. हात पाहिला तर कोरडा ठाक.

वर येऊन पाणी प्यायले आणि तिथंच माझं डोकं चालायला लागलं. या जागेत मागं काही घडलेलंच नाही, मग वर येतंय कोण? पाठीवर बॅगा. सलीमभाईंच्या तोंडून निघालेलं 'बेटा'. आमच्या घरात बॅगा घेऊन येणारं कुणी नव्हतं. येणार होतं, अजून आलं नव्हतं. आणि त्यातलं शेवटचं एक जिन्यानं वर पोचत नव्हतं, म्हणजे त्याला दुसरी वाट हवी होती. मी बजेटचा कागद ओढला, एसीवर काट मारली, मागची रांग खोडली आणि दार परत लिहिलं.

संध्याकाळी घरात रामायण झालं... ह्यांना एसीचं भारी वेड. मी सगळं सांगितलं तर हसले.

"भूतं तर भिंतीतून जात्यात म्हणं. तेंना दार कशाला पाहिजे?"

"तेंना नको, मला पाहिजे."

"लोकं काय म्हणतील? जिंदगीभर इतरांना शिकवलं, आन् आता ह्या बाईनं जिन्यात भूत धरलं!"

"मी भूत म्हणलेच नाय. तुम्ही फक्त एकदा खाली जाऊन या."

ते तणतणत उतरले. मी वरून बघत होते. वळणावर सरकले, थांबले, वाकून खाली बघितलं. वर आल्यावर मी एवढंच विचारलं, "का थांबलात?"

"कुठं थांबलो?" माझा चेहरा बघून त्यांचा आवाज खाली आला. "मी... थांबलो व्हय?"

मग ते बराच वेळ आपल्या शर्टाची बाही चाचपत बसले होते. सकाळी त्यांनीच सलीमभाईंना फोन लावला आणि भिंत कापायचं मशीन सांगितलं.

जयंतीला उद्घाटन झालं. एसीच्या जागी दोन मोठे कूलर. पोरं भरभर आली. सगळ्यांनी मोबाइल जिन्याच्या तळाशी असलेल्या लाकडी रॅकमध्ये ठेवायचे, असा नियम केला होता. मागच्या दाराला आतून कडी असायची. तिथून कुणी ये-जा करत नव्हतं. आणि त्या पायरीवर पोरंही सरकायची. एरवी एकमेकांना वाट देतातच, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटायचं नाही. रिकाम्या जिन्यात सरकणारं पोरगं मात्र मला लगेच कळायचं.

मागच्या दाराजवळच्या खुर्चीवर प्रतीक्षा बसायची. गंगापूरकडचीच, तलाठी भरतीची तयारी करणारी. आवाजानं लक्ष जातं म्हणून कानात कापसाचे बोळे घालून बसायची. मी चहाला हाक मारून मारून थकायचे. "अगं, बहिरी व्हशील एक दिवस," म्हटलं की हसायची.

पुढचा रस्ता पाण्याच्या लाइनसाठी महिनोन्महिने खोदून ठेवलेला होता. एका दुपारी जेसीबीचा दात मोठ्या पाइपलाइनला लागला. एरवी दिवसेंदिवस तोंड न दाखवणारं पाणी त्या दुपारी सगळं एकदम आलं, आणि उताराला लागून थेट आमच्या जिन्यात शिरलं. ह्यांनी पळत जाऊन मेन स्विच बंद केला. मी ओरडत जिना उतरले. पायाखालून पाण्याचा लोंढा, खाली अंधार. पोरं मागच्या दाराकडं जायची सोडून सगळी पुढंच धावली, कारण मोबाइल पुढच्या रॅकमध्ये. गुडघाभर पाण्यात रॅक चाचपत होती येडी!

"राहू द्या मोबाइल! वर चला, आधी वर!"

ती वर यायला लागली. मी वळणावर होते. खांदा भिंतीला लावला. पहिल्या पोराची ओली बाही दंडाला घासून गेली. मग दुसरी, मग तिसरी. ओल्या कपड्यांचा वास. कोपराला बॅगेचा कोपरा लागला... तिथंच, तसाच. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "निघा, निघा लेकरांनो, सावकाश."

सगळे गेले. मी वाकून खाली बघितलं. रॅक आडवं पडून जिन्याच्या तोंडाशी अडकलं होतं आणि त्याच्यावरून पाणी आत कोसळत होतं.

"प्रतीक्षा!"

अजून एक यायचंय. मला ठाऊक होतं अजून एक यायचंय. पाय पुढं टाकला तर पाण्यानं ओढला, कठड्याला लोंबकळले. परत हाक मारली. किती वेळ गेला सांगता येत नाही. आयुष्यात मी इतकी घाबरले नव्हते.

तेवढ्यात वरून ह्यांचा आवाज आला, "अगं ये वर! पोरगी हितंय, पोरगी हितंय!"

अंगणात प्रतीक्षा उभी होती, कमरेपर्यंत चिंब, एका कानात अजून कापूस. "काकू, डोळा लागला होता, मला काही ऐकूच आलं नाही. पायाला गार लागलं तव्हा बघितलं तर समदा अंधार, समोरून पाणी. मागं चाचपलं तर कडी हाताला लागली." मी तिला आधी एक धपाटा घातला, मग मिठी मारली आणि गल्लीतल्या लोकांदेखत हमसून हमसून रडले.

त्या दिवसापासून जिन्यात कुणी सरकत नाही. नवीन पोरं येतात, कुरिअरवाला येतो, नणंदबाई येतात, सगळे धडाधड उतरतात. मी अजूनही वरून बघते. सलीमभाईंनी पट्टी लावून पायऱ्या मापल्या, त्यात काही खोट नाही. हे म्हणतात, आपल्याच डोक्यातली काळजी असेल. असेलही. पण दूधवाल्याच्या डोक्यात कसली काळजी होती? मी उत्तर शोधायचं सोडून दिलंय.

एक गोष्ट मात्र अजून जेवण जाऊ देत नाही. दार होण्याआधी सलीमभाई, दूधवाला, नणंदबाई, आमचे हे, मी... आम्ही सगळे त्या पायरीवर थांबून शेवटच्या एकाची वाट बघत होतो आणि ते वर येत नव्हतं. प्रतीक्षा त्या दुपारी जिन्यानं वर आली नाही, कारण ती मागच्या दारानं बाहेर पडली. पण आम्ही थांबायचो तेव्हा मागं दार नव्हतं. तेव्हा तिथं भिंत होती.