रामलिंगचा बास

लातुरात डाळमिलच्या भिंतीला लागूनच रामलिंगची खोली होती. गाणं स्वतः रचायचं, स्वतः गायचं आणि रेकॉर्डिंगवर शेवटचा हातही स्वतःच फिरवायचा. दुसऱ्याच्या कानावर त्याचा काडीचा भरवसा नव्हता.

"लई घुमायलंय," म्हणत त्यानं इक्वलायझरवर बास उतरवला. घुमणं जाईना, म्हणून पार तळाला नेला.

अमावस्येला मिल बंद होती. त्यानं बायकोला, उज्वलाला, मोठ्या कौतुकानं गाणं ऐकवलं. डबड्यात माशी अडकल्यासारखा आवाज आला.

"आवो, घुमत होती ती मिल," उज्वला म्हणाली. "गाण्यातला बास उगंच काढलात."

रामलिंगनं तिच्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. गाणं तसंच यूट्यूबवर टाकलं आणि खाली लिहिलं, 'हलके स्पीकर असणाऱ्यांनी ऐकू नये.'