एकाच खलातला तांबूल

माहूरला देवीआईच्या दर्शनाला निघाले तेव्हा माझं मन स्वच्छ नव्हतं. हे आधी कबूल केल्याशिवाय पुढचं लिहिणं खोटं होईल.

किल्लारीच्या बाजूचं आमचं गाव. नववीपर्यंत वर्गात पहिला नंबर माझा, दुसरा सुनंदाचा. बाकही एकच. गणपती बुडवले त्याच्या दुसऱ्या पहाटे भूकंप झाला. सुनंदाला तिच्या मामानं लातूरला शाळेत घातलं. माझ्या आईचा हात कायमचा अधू झाला, पत्र्याच्या शेडातली चूल माझ्याकडे आली आणि शाळा सुटली ती सुटलीच. पुढे लग्न होऊन मी इतक्या लांब नांदेडला आले, क्लासच्या मुलांसाठी खाणावळ घातली. सुनंदा मुखेडकडे शिक्षिका झाली.

तिची ऋतुजा बारावीला नांदेडच्या क्लासला आली आणि तिचा डबा माझ्याकडूनच जाऊ लागला. माझी वैष्णवीही त्याच क्लासात. तिथे दर रविवारच्या टेस्टनंतर मार्कांप्रमाणे बॅच बदलायची. ऋतुजा पहिल्या बॅचला, वैष्णवी तिसऱ्या. रविवारी पोरगी दारात चप्पल काढते न काढते तोच मी विचारायची, "ऋतुजाला किती?" तिचे स्वतःचे किती, ते नंतर. हळूहळू ती घरात बोलेनाशी झाली, जेवण अर्धं टाकू लागली. मला दिसत होतं, पण तोंड आवरत नव्हतं.

मनात नवस ठरला होता: वैष्णवीला ऋतुजापेक्षा एक तरी मार्क जास्त पडू दे. आणि निघायच्या आदल्या दिवशी नेमका सुनंदाचा फोन आला. "अगं, मला रजा न्हाई. माझ्या पोरीच्या नावानंबी एक विडा दे की आईला. तू गेलीस काय अन् मी गेले काय, एकच." मी हो म्हटलं. विडे दोन घेतले, पण तिचा पिशवीच्या तळाशी घातला.

आईला तिथे विडा कुटून, तांबूल करून वाहतात. गडाच्या पायऱ्यांशी एक म्हातारी दगडी खलात विडे कुटून देत होती. मी वैष्णवीचा विडा काढायला गेले तर तळातला दुसराही हाताला लागून वर आला. म्हातारीनं दोन्ही ओढून घेतले.

"मावशी, येगयेगळे कुटा. एक दुसऱ्याचा हाय."

"परीक्षेचं हाय जणू?" ती म्हणाली. "लई येतेत तुझ्यासारख्या." अन् दोन्ही विडे खलात टाकून बत्ता चालवायलाही लागली. "आई काय नावं वाचीत बसती का गं?"

मग चिमूटभर तांबूल स्वतःच्या तोंडात टाकून हसली. तोंडात एकही दात नव्हता. "बघ, कुटल्यालं हाय म्हणून मलाबी खाता येतंय. दातवालीला अन् मला, आईचं एकच."

मी पायरीवर बसूनच राहिले. इतकी वर्षं मला वाटायचं, शाळा सुटली तिथेच माझा वाटा संपला. जे माझं राहिलं ते मी लेकीकडून वसूल करत होते. आईपुढे उभी राहिले तेव्हा तो नवस तोंडातून निघालाच नाही. "दोघींना सांभाळ," एवढंच आलं. ती म्हातारी कोण, हे मी ठरवत बसत नाही. उतरताना दिसली, तर सुपारीवरून कुणाशी तरी जोरात भांडत होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. वैष्णवी दारात आली, मार्क सांगितले आणि थांबली. "विचार की, तिला किती ते."

"तुझा अन् ऋतुजाचा, दोन्ही डबे घे," मी म्हटलं, "अन् दोन्हीत थोडा थोडा प्रसादाचा तांबूल ठेव."

तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "मम्मी, तुला बरं न्हाई का?" अन् खळखळून हसली. कित्येक महिन्यांनी हसली.

ऋतुजा डॉक्टर झाली, वैष्णवी नर्सिंगला गेली आणि तिथे रमली. माझी जुनी कळ अजून कधीतरी उठते, नाही असं नाही. तेव्हा मी हात जोडते अन् तो खल आठवते. त्यातून माझ्या लेकीचं पान वेगळं निवडता येत नाही. आता मला ते निवडायचंही नाही, ही त्या माउलीचीच कृपा.