दोनशे चौदा नंबरचे घर

गल्लीतले लोक म्हणत, "टपालकाका एक वेळ स्वतःच्या लग्नाची तारीख विसरतील, पण दुसऱ्याचा पत्ता विसरायचे नाहीत." समोरचा किराणा दुकानदार त्यावर कडी करी. "अहो, यांना रस्त्यात नमस्कार करून बघा. हे तुमच्या तोंडाकडे बघत नाहीत, घरात कोण आहे सही करायला, तेवढंच विचारतात."

एकतीस वर्षे त्यांनी त्या भागात टपाल वाटले होते. एवढ्या काळात लोक त्यांचे खरे नाव विसरून गेले. पुढे ते निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा मतपत्रिकेवरचे नाव वाचून कित्येकांनी विचारले, हा कोण नवा?

ते उभे राहिले त्याला कारण होते. निवृत्तीनंतर सातव्या महिन्यात, एका दुपारी, दोरीवर कपडे वाळत घालताना त्यांची पत्नी खाली बसली ती उठेना. त्यांनी रुग्णवाहिकेला फोन केला. चालकाने रस्ता विचारला. ते सांगू लागले, "शिंपीणबाईंच्या घरावरून वळा, हेडमास्तरांचं घर मागे टाका, तिथून चौथं."

"काका, मी इथला नाही," चालक म्हणाला. "नंबर सांगा."

"एकशे बारा."

नंबर सांगूनही उपयोग नव्हता. त्या शहरात घरांना नंबर मिळत ते बांधली जातील त्या क्रमाने. एकशे बाराच्या एका अंगाला नऊ होता, दुसऱ्या अंगाला शहाऐंशी. पत्नीचा हात सोडून कोपऱ्यापर्यंत जाणे त्यांच्याने होईना. मागच्या गल्लीतून गाडीचा आवाज आला, लांब गेला, परत आला, पुन्हा गेला. गाडी दारात उभी राहीपर्यंत सव्वीस मिनिटे झाली होती आणि घाईचे कारण उरले नव्हते.

परगावी राहणारी मुलगी म्हणाली, "बाबा, आता इकडेच या." ते म्हणाले, "बघू." दोन महिन्यांनी त्यांनी नगरपालिकेच्या निवडणुकीचा अर्ज भरला.

त्यांचे आश्वासन एकच होते. आपल्या प्रभागातल्या घरांना सरळ क्रमाने नंबर. दुकानदाराला हसू आवरेना. "लोक पाणी मागतात, रस्ते मागतात आणि हे आकडे वाटणार! आकड्यांनी काय तहान भागते?" तरीही ते त्रेसष्ट मतांनी निवडून आले. नोकरीचे, नात्याचे, मरणाचे कसले ना कसले पत्र त्यांच्या हातून प्रत्येक घरात गेले होते, आणि ते लोकांना आठवत असावे.

नगरपालिकेत त्यांची चार वर्षे खुर्चीवर बसून गेली. दर सभेत ते उठत, विषय मांडत, अध्यक्ष "बघू या" म्हणत आणि विषय पुढच्या सभेवर जाई. शेवटी, हा माणूस काही पिच्छा सोडत नाही असे पाहून, ठराव मंजूर झाला. पाहणीसाठी एक कारकून सोबत द्यायचे ठरले.

"पाहणी कशाला?" टपालकाका म्हणाले. "तो भाग मला तोंडपाठ आहे."

"ते खरं," कारकून म्हणाला. "तुम्हाला कोण शिकवणार?" उन्हातान्हात फिरणे वाचल्याचा त्याला आनंदच झाला.

एका सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांनी यादी लिहिली. समोरची खुर्ची रिकामी होती. डोळे मिटून एकेक दार आठवायचे आणि पुढचा आकडा टाकायचा. टेबलाखाली त्यांचे पाय जागच्या जागी हलत होते. दोनशे चौदा घरे एका बैठकीत संपली. खाडाखोड एकही नाही.

निळ्या पाट्या, पांढरे आकडे. एक नंबरच्या घराशी अध्यक्षांनी हार घालून घेतला, फोटो निघाला. लोकांनी बिलांवरचे, बँकेतले पत्ते बदलून घेतले. दुकानदाराने तर 'घर क्रमांक सत्तावीस' अशी नवी ठसठशीत पाटी रंगवून घेतली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली. त्या आठवड्यात टपालकाकांना तीन घरांतून चहाला बोलावणे आले. बऱ्याच दिवसांनी त्यांना सकाळचा चहा एकट्याने करून प्यावा लागला नाही.

मग त्यांनी स्वतःच एक परीक्षा ठरवली. रुग्णालयात नवा चालक आला होता. त्याला त्यांनी विनंती केली, "उद्या दुपारी रिकामी गाडी घेऊन माझ्या घरी या. कुणाला विचारायचं नाही. प्रभाग आणि नंबर, एवढ्यावर यायचं. दोनशे चौदा."

दुसऱ्या दिवशी घड्याळ हातात घेऊन ते पायरीवर बसले. तीन मिनिटांनी गाडी मुख्य रस्त्यावरून आत शिरल्याचा आवाज आला. मग तो लांब गेला. मागच्या गल्लीतून आला. परत गेला. टपालकाका उठले नाहीत. त्यांनी डावा हात पायरीवर बाजूला टेकवला होता, तो तसाच राहिला. एकोणीस मिनिटांनी गाडी दारात थांबली.

चालक घामाघूम झाला होता. "काका, दोनशे तेरा त्या टोकाला आणि दोनशे चौदा इथे, सदतीस आणि अडतीसच्या मध्ये? हे नंबर दिले कुणी? त्याला एकदा माझ्या गाडीत बसवा!"

"मीच दिले," ते म्हणाले.

चालक गेल्यावर ते यादी घेऊन बसले आणि त्यांना सगळे दिसले. त्यांनी घरे उभी आहेत त्या क्रमाने लिहिली नव्हती, टपाल वाटत त्या क्रमाने लिहिली होती. रस्ता ओलांडून पलीकडे, बोळातून मागच्या गल्लीत, तिथून सायकलपाशी परत. शहाण्णव नंबर वाट सोडून भलतीकडे गेला होता, कारण तिथे एके काळी चावरे कुत्रे होते आणि ते घर ते परतताना उरकत. कुत्रे मरून पंधरा वर्षे झाली होती. आणि स्वतःचे घर, ऐन गल्लीच्या मध्यात असूनही, सर्वांत शेवटी. मध्येच घरी शिरले तर पत्नी जेवायला बसवील आणि पिशवी तशीच राहील, म्हणून आपले टपाल ते अखेरीस आणीत. ती म्हणायची, "जगाची पत्रं वेळेवर, घरचं मेलं सगळ्यांच्या मागून."

पुढच्या सभेत ते उभे राहिले. "चूक माझी आहे. मी माझ्या पायांना विचारून नंबर दिले. परक्या माणसाला माझे पाय कुठून असणार? सगळ्या पाट्या काढून नव्याने लावाव्या लागतील."

"राहू द्या हो," अध्यक्ष म्हणाले. "लोकांना सवय होईल. सहा महिन्यांवर निवडणूक आहे, हसं कशाला करून घेता?"

"इथल्या लोकांना नंबर लागतच नाहीत, साहेब. नंबर लागतो तो इथला नसलेल्याला."

ठराव कसाबसा पास झाला. या वेळी ते कारकुनाला घेऊन प्रत्येक गल्ली टोकापासून चालले. डावीकडे विषम, उजवीकडे सम. पाट्या फिरवायला पालिकेने माणूस दिला नाही, म्हणून पेचकस घेऊन सकाळी सकाळी ते स्वतः निघत. दार उघडणारा त्यांना पाहून म्हणे, "परत?" आणि दार लावून घेई. पूर्वी सायकलची घंटा ऐकून माणसे धावत बाहेर येत. आता शिडी धरायला कुणी येत नव्हते. चहाचे तर नावच नको.

दुकानदार भर रस्त्यात ओरडला, "सत्तावीसचा अडुसष्ट केलात! माझ्या पाटीचं काय करू, डोक्यावर बांधू? उद्या झोपेत आणखी काही आठवेल, मग शंभर कराल!"

टपालकाका खाली मान घालून पेच पिळत राहिले.

एकट्या शिंपीणबाईंनी न बोलावता येऊन स्टूल धरले. पाटी लागताना त्या म्हणाल्या, "वहिनी असत्या ना भावजी, तर यादी बघता क्षणी बोलल्या असत्या, अहो, आपलं घर शेवटी नाही, मध्ये आहे."

त्यांच्या हातातला पेच निसटून खाली पडला. शिंपीणबाईंनी तो उचलून दिला.

सगळे आटोपल्यावर त्यांनी चालकाला पुन्हा बोलावले. नंबर सांगितला, पंचाहत्तर. रुग्णालयापासून दारापर्यंत सहा मिनिटे. चालक तांब्याभर पाणी प्याला, "आता जमलं, काका," म्हणाला आणि गाडी वळवून निघून गेला. दार उघडे होते, पण आत जाऊन सांगावे असे कोणी नव्हते. त्यांनी मुलीला फोन लावला.

"सहा मिनिटं," ते म्हणाले.

पलीकडून ती म्हणाली, "बरं झालं, बाबा."

पुढच्या निवडणुकीत ते हरले, आणि हरले ते चांगले सपाटून. लोकांनी दोनदा पत्ते बदलले होते आणि ते कोणी विसरले नव्हते. टपालकाका पुन्हा पायरीवर बसू लागले. संध्याकाळी गल्लीतून जाणारी माणसे त्यांच्या दाराशी आली की पलीकडच्या बाजूने चालत.

एके दिवशी गिऱ्हाईक नव्हते, तेव्हा दुकानदार रस्ता ओलांडून आला. त्यांच्या दारावरच्या पाटीकडे पाहत म्हणाला, "काय मिळवलंत हो काका? खुर्ची गेली, माणसं तुटली. आणि राग मानू नका, पण तुमच्या दारात काळं कुत्रंसुद्धा फिरकत नाही. तुम्हाला कशाला हवा नंबर?"

टपालकाकांनी मान वर केली आणि म्हणाले, "यायचं नसेल त्याने येऊ नये. पण घर सापडलं नाही म्हणून उशीर झाला, असं पुन्हा मला कुणी सांगायचं नाही."