लागवडीच्या नीलगिरीचा पाळणा

मोठा दुष्काळ सरल्यावरची ती वर्षं. माझ्या पहिल्या बाळंतपणासाठी आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतःच्या हाताने पाळणा करायचं मनावर घेतलं. ते सोलापुरात हातमागांची सुतारकी करायचे. सागवान परवडणारं नव्हतं, म्हणून लागवडीतल्या नीलगिरीच्या ओल्या फळ्या आणल्या, टोकं तडकू नयेत म्हणून त्यांना शेण लिंपलं आणि शेजारच्या मागांच्या शेडमध्ये रचल्या. दर सोमवारी ते सुताच्या धाग्याने फळीची रुंदी मापत. लांबी कधीच मापत नसत. लाकडातले धागे उभे असतात, त्यामुळे लाकूड आटतं ते आडवं, हे त्यांनी मला लहानपणीच सांगितलं होतं. लागवडीचं झाड भराभर वाढतं, त्याचे धागे पीळ घेतात, म्हणून ते आटतंही जास्त आणि वाकतंही.

चार सोमवार माप हललं नाही, तेव्हा त्यांनी पाळणा जोडला आणि माझ्या माहेरच्या पत्र्याच्या कोरड्या खोलीत आणून ठेवला. मार्गशीर्षात लेक झाली. बारशाच्या आदल्या दिवशी बघते तर सांधे उघडलेले, एक बाजू पीळ खाऊन वर आलेली.

आण्णा पाळण्यापाशी बसले. "शेडात सूत तुटू नये म्हणून रोज पाणी शिंपडत्यात. फळ्या त्या ओलाव्यात नुसत्या थांबल्या हुत्या, वाळल्या न्हवत्या. जन्म गेला माझा तितं, आन् कळलं न्हाय." पाळणा बंबात घालतो म्हणून ते उठलेच.

मी मुळात तापट, त्यात बाळंतीण. म्हणाले, "बाळंतपणात मीबी आटलेच की, आण्णा. मला घालताय का बंबात?"

 त्यांनी फळ्या सुट्या करून माझ्याच खोलीत भिंतीला टेकवल्या. बारसं आईच्या लुगड्याच्या झोळीत झालं. मग दर सोमवारी धागा घेऊन यायचे. आधी फळी मापायचे, मग लेकीला. फळी आटायची, लेक वाढायची.

वैशाखात फळ्या खरोखरच थांबल्या. तोवर लेक पालथी पडून पुढे सरकायला लागली होती, पाळण्यात ती आता राहणार नव्हती. आण्णांनी धागा गुंडाळून खिशात ठेवला. मला फार वाईट वाटलं. त्याच आठवड्यात मी दुधनीला सासरी गेले.

दसऱ्याला आण्णा एसटीने आले. खांद्यावर पांगुळगाडा होता, त्याच फळ्यांचा. एकही सांधा हललेला नव्हता. ते अंगणात उकिडवे बसले. लेकीने गाड्याची दांडी धरली, डगमगली आणि गाडा ढकलत आयुष्यातली पहिली पावलं टाकत त्यांच्यापाशी गेली.