शून्य पॉइंट चार

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून चहा टाकायला जाणारी मी… मूळची नागपूरची, आता कॅनडातल्या मार्कहॅममध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअर. जे मीटरवर दिसत नाही ते मानायचं नाही, हा माझा खाक्या. गेल्या जानेवारीपर्यंत तरी होता.

माझं काम ब्रेकरच्या वेळा जुळवण्याचं. इमारतीत कुठे शॉर्ट सर्किट झालं तर फक्त तिथलाच ब्रेकर पडायला हवा. मुख्य ब्रेकरने क्षणभर थांबायचं, नाहीतर अख्ख्या इमारतीची वीज जाते. लव्हाल या फ्रेंच बोलणाऱ्या शहरातल्या एका सीनियर्स होमची, म्हणजे वृद्धाश्रमाची, सेटिंग्ज मीच पाठवली होती. तिथेच तिसऱ्या मजल्यावर सबनीस काका, व्हेंटिलेटरवर. मी कॅनडात नवीन आले तेव्हा आठ महिने मुलीसारखं घरात ठेवून घेतलं होतं त्यांनी.

त्या दिवशी दुपारी दीडला फाइल चाळताना दिसलं — मुख्य ब्रेकरला ०.४ सेकंदांऐवजी मी ०.०४ लिहिलं होतं! म्हणजे कुठेही शॉर्ट सर्किट झालं तरी तो न थांबता पडणार, अख्खी इमारत बंद. त्याच आठवड्यात तिथला जनरेटर दुरुस्तीला काढलेला, आणि काकांच्या मशीनची बॅटरी जुनी…

तिथला इलेक्ट्रिशियन ल्यूक फोन उचलेना. रिसेप्शन एंगेज. गाडीने जायचं तर बर्फात सहा तास. मी पार्किंगमध्ये जॅकेटशिवाय उभी, पुन्हा पुन्हा नंबर लावतेय, "उचला ना हो, कुणीतरी उचला…" म्हणत रडतेय.

सव्वादोनला रिसेप्शनवरची बाई बोलली. "सॉरी, गडबड चाललीय. किचनमध्ये डिशवॉशर जळला, तिथली वीज गेलीय."

"आणि तिसरा मजला?"

"तिथे सगळं चालू आहे. का?"

मी तिथेच बर्फात बसले.

थोड्या वेळाने ल्यूकचा फोन आला. मी चूक सांगितली तर तो गोंधळला. "अगं, सकाळी अकराला तूच फोन केलास ना? 'शून्य पॉइंट चार कर, आत्ताच्या आत्ता.' मी लगेच केलं. आणि तुला इतकं छान फ्रेंच येतं, कधी बोलली नाहीस!"

मला बोंजूरपुढे फ्रेंच येत नाही. अकरा वाजता मी आठ जणांसोबत मीटिंगमध्ये होते, आणि तेव्हा मला चूक माहीतही नव्हती. ल्यूकने स्क्रीनशॉट पाठवला — नंबर माझाच. माझ्या फोनमध्ये मात्र त्या कॉलची नोंदच नाही.

चूक मी ऑफिसात स्वतःहून सांगितली. चौकशी झाली, पण त्या कॉलचा उलगडा कुणालाच झाला नाही. ल्यूक शपथेवर सांगतो, आवाज तुझाच होता. मी शपथेवर सांगते, मी बोलले नव्हते. आणि आमच्यापैकी कुणीही खोटं बोलत नाहीये…