आठ डेलिया

रीगाला यायचं म्हटलं की माझी झेंटा मावशी धास्तावते. तिचं खेडं बसने चार तासांवर, पण राजधानीत पाय ठेवला की पिशवी छातीशी कवटाळूनच चालते. परवाही तशीच उतरली. दुसऱ्या दिवशी आईच्या, म्हणजे मिल्डाच्या, हृदयाचं ऑपरेशन होतं. पिशवीत राईचा पाव, हातात अंगणातल्या नऊ डेलिया.

"मोजल्यास ना?" मी उगाच विचारलं.

"तीनदा!" ती डाफरली.

जिवंत माणसाला फुलं विषम, मेलेल्याला सम, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मावशी दहा वर्षांची असताना दोघी बहिणी दवाखान्यात वडिलांना फुलं घेऊन गेल्या. मोजायचं काम मावशीचं. निघाली आठ, आणि आठवड्यात वडील गेले. तिला कोणी चकार शब्द बोललं नाही, तेच वाईट झालं. साठी उलटली तरी ती फुलं मोजतेच आहे.

ट्राममध्ये ही गर्दी. ब्रेक लागला, कुणाचं तरी कोपर बसलं आणि एका डेलियाची मान तुटली. मावशी पांढरीफटक पडली.

"आठ," ती पुटपुटली.

"मग अजून एक काढून टाक की."

"टाकू? मिल्डाचं फूल रस्त्यावर टाकू?"

समोरच्या म्हातारीच्या मांडीवर मेणबत्ती आणि पाच शेवंत्या होत्या. "द्या इकडं. मी थडग्यावरच चाललेय. आमच्या ह्यांना एक कमीच पडतंय."

"जीभ आवरा!" मावशी किंचाळली. अख्खी ट्राम खिडकीबाहेर बघू लागली. रीगाची माणसं अशीच.

म्हातारी मात्र चिडली नाही. "मग कोटाला लाव, बाई. जिवंत आहेस ना?"

मावशीने एक फूल कोटाच्या काजात अडकवलं.

दवाखान्यात आईने ओठ हलवत फुलं मोजली. "सात." मग तिची नजर कोटावर गेली आणि तिथेच राहिली. मला भीती वाटली.

"झेंटा, बाबांच्या वेळी तू नऊच घेतली होतीस. वाटेत तुझ्या नकळत एक मी काढलं. माझ्या कोटाला लावायला."

मावशीने खुर्ची जवळ ओढली. "छप्पन्न वर्षं, मिल्डा."

"उद्या काय होईल कोण जाणे, म्हणून..."

"गप्प बस." मावशीने कोटावरचं फूल काढलं आणि आईच्या झग्याला खोचलं. "उद्या संध्याकाळी हे परत घ्यायला येणार आहे मी. द्यायला जागी राहा."